सासूबाई शाळेतून आल्या

प्रिय कुब्लू,

तू कॅरिबूच्या शिकारीवर आहेस आणि आज गोऱ्यांच्या शाळेचं विमान आपल्या लेकीला सोडून गेलं. तुझी आई वारली आणि तिचंच नाव घेऊन ही जन्मली, तेव्हापासून तू हिला ‘आई’ म्हणतोस आणि मी ‘सासूबाई’.

आजही मी चेष्टेने म्हणाले, “या सासूबाई, सुनेच्या हातचा चहा घ्या, आणि नावं ठेवू नका.”

तिने डोळे मिटून दोन्ही तळहात पुढे केले. त्यांवर वळ होते.

“अगं, काय झालं?”

“आपली भाषा ऐकू आली की हात पुढे करायचे असतात,” ती पुटपुटली.

हे पत्र तुला पाठवायचं धाडस होत नाही. लेकीला मारलं, हे कसंबसं सांगेन. तुझ्या आईवर त्यांनी हात उचलला, हे कसं सांगू?

तुझी,
निवियाक