विजूची स्टिक

३ नोव्हेंबर, रविवार
नवी स्टिक झाली. तुतीचं लाकूड, राजगुरुनगरच्या वखारीतून आणलेलं. वाफ देऊन वाकवलं, आठ दिवस साच्यात ठेवलं. पोरगी वाढते तशी स्टिक वाढते, ही तिसरी.
आमची विजू डावखुरी. हॉकीच्या स्टिकची चपटी बाजू उजव्या हातवाल्यांच्या सोयीची. दुकानदार म्हणे, "डाव्या हाताची येतच नाही हो." येत नाही म्हणजे काय? त्याचीच स्टिक आरशासमोर धरली, आरशात दिसली तशी कोरली. चाकणला कंपनीत खोकी ठोकतो म्हणून काय झालं, मूळचा सुतार आहे मी.

५ नोव्हेंबर
फर्स्ट शिफ्ट करून आलो, संध्याकाळी विजूला घेऊन संत तुकाराम नगरच्या बागेमागे तासभर सराव. मधेच हात बदलते — उजवा खाली, डावा वर. खेकसलो. डावा खाली घे, कितीदा सांगू? तिने घेतला.
विजूची आई, जयमाला, म्हणते, "बाप आहात का मुकादम?"

९ नोव्हेंबर
पुढच्या रविवारी पुण्याला निवासी क्रीडाशाळेची निवड चाचणी. चौदाच्या आतलेच घेतात. विजूला जानेवारीत चौदा पूर्ण. म्हणजे हीच शेवटची.
दोन वर्षांत तिचा खेळ ग्राउंडवर बघितला नाही. सुट्टी टाकली. "नका येऊ बाबा," म्हणाली. लाजते.

१७ नोव्हेंबर
लिहवत नाही.

१८ नोव्हेंबर
पंचाने स्टिक हातात घेतली, उलटीपालटी केली, बाजूला ठेवली. "डाव्या हाताची स्टिक नियमात बसत नाही. कुठंच चालत नाही." मी भांडलो. पोरीसमोर, सगळ्यांसमोर. देवाने दिलेला हात चालत नाही? त्याने नियमांचं पुस्तक काढलं. खरंच होतं तसं. दोन वर्षांत कुणाला विचारायची अक्कल झाली नाही मला.
तिच्या कोचने, गणराज सरांनी, दुसरी स्टिक दिली. उजवीने खेळली. चांगली खेळत होती, पण ऐन वेळी हात वर-खाली व्हायचे. दोनदा चेंडू पायाखालून गेला. यादीत नाव नाही.
बसमध्ये माझ्याच खांद्यावर झोपली. चिडली असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर
दुकानातून उजव्या हाताची स्टिक आणली. तिला द्यायचं तोंड नाही. आधी सरांना विचारतो — आता शिकेल का उजवीने?

२४ नोव्हेंबर
सर म्हणाले, "शिकेल काय? माझ्याकडे दोन वर्षं ग्राउंडवरची स्टिक घेऊन उजवीनेच खेळतेय. नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. म्हणाली, बाबांना सांगू नका, स्टिक त्यांनी केलीय. मी म्हटलं, मग निदान घरचा सराव बंद कर, हात गोंधळतात तुझे. तर म्हणाली, संध्याकाळी बाबा वाट बघत असतात."