बसकीचा जीर्णोद्धार

भैरवनाथ वेल्डिंग वर्क्स,
ता. जामखेड
(पत्ता तुम्हाला माहीत आहेच, तरी आठवण म्हणून लिहिला.)

आदिनाथदादांच्या चरणी आतेभाऊ गहिनीनाथ याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. गेले सोळा दिवस तुमच्याच गाडीखाली पाठीवर पडून आहे, आता पोटावर पडायचं म्हटलं की कंबर सरळ नाही म्हणते.) तुमची तब्येत कशी आहे? रेश्मावहिनींचा गुडघा काय म्हणतो? हॉलमधल्या भिंतीवरचं तुमचं ते मोठं गोल घड्याळ वेळ बरोबर दाखवतंय ना? इकडं सगळं ठीक आहे. मामीची, म्हणजे तुमच्या मातोश्रींची, शुगर कमी झाली आहे आणि बोलणं त्याहून कमी झालं आहे. रोज चार वाजता कपबशी घेऊन माझ्या शेडमध्ये येते, बसकीच्या, म्हणजे मामांच्या त्या जुन्या गाडीच्या, डाव्या सीटवर बसते, चहा पिते आणि घरी जाते. मामा गेल्यापासून, गावात असली की, हा नेम एक दिवस चुकलेला नाही. (त्यामुळं डावं दार काढायचं काम मला दोनदा अर्धं सोडावं लागलं.) हे तुम्ही-तुम्ही लिहिताना हात अवघडतो आहे, म्हणून इथून पुढं तू म्हणतो. राग धरू नको.

दादा, पत्र लिहायचं कारण म्हणजे माझं डोकं चालेनासं झालं आहे. फोन करावा तर तू मीटिंगमध्ये. फोटो पाठवावा तर... फोटो नकोच, त्याच्याआधी हे पत्र वाच. गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालास, की पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, गहिनी, तू बसकीचा जीर्णोद्धार करून दे. लूक नव्या जमान्याचा पाहिजे, लोकांनी बघत राहायला पाहिजे, पण अस्सलपणाला धक्का लागता कामा नये, परीक्षक बारीक बघतात. पंधरा तारखेला टेम्पो पाठवतो, गाडी मग कायमची पुण्यालाच ठेवू. एवढं बोलून तू फोन ठेवलास. मी हो म्हणालो. आता नवी दिसायला पाहिजे आणि जुनीच असायला पाहिजे ही भानगड दुसऱ्या कुणाला कळली नसती, पण मला ताबडतोब कळली, कारण तू शब्दच तसा वापरलास. मी भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार समितीचा गेली अकरा वर्षं सचिव आहे. जीर्णोद्धार म्हणजे काय हे तू मला सांगायचं का?

आपल्या देवळाचं काय केलं आम्ही, आठव. जुने दगड काढले, कॉलम टाकले, स्लॅब टाकला, फरशी बसवली, स्टीलचं रेलिंग केलं, वर कळस चढवला. एक धोंडा जुना ठेवला नाही. फक्त आतला शेंदराचा तांदळा, म्हणजे मूळ देव, त्याला कुणी बोट लावलं नाही. आणि आज परगावचा माणूस आला की पुजारी त्याला काय सांगतो? देवस्थान पुरातन आहे. आणि त्यात खोटं काय आहे? मूळ मूर्ती जागची हलली नाही म्हणजे देऊळ तेच. मी म्हटलं, आदिनाथदादाला हेच पाहिजे. मूर्ती सोडायची, बाकी घ्यायचं करायला.

घोळ इथंच झाला. गाडीतली मूर्ती कोणती, हे मला ठरवता येईना.

म्हणून समितीची बैठक घेतली. ट्रॅक्टरचं काम करणारा बिभीषण म्हणाला, इंजिन हीच मूर्ती, त्यात बोलायचं काम नाही. पण बसकीचं मूळ इंजिन तुझ्या दहावीच्या वर्षी बसलं आणि मामांनी जीपचं आणून टाकलं, ते बिभीषणच्याच वडलांनी बसवलं. हे सांगितल्यावर बिभीषण रुसून चहा न पिता गेला. मग मी म्हटलं, चासी, म्हणजे खालचा सांगाडा. तर चासी मागच्या बाजूला मीच दोनदा जोडली आहे, तिच्यात आता विलायती लोखंड किती आणि जामखेडचं किती हे माझं मलाही सांगता येत नाही. शेवटी आपले रिटायर झालेले वैजनाथ गुरुजी म्हणाले, की रंग. माणूस गाडी ओळखतो ती रंगावरून. आणि गुरुजी हिवरे बाजारचं आदर्श गाव बघून आल्यापासून त्यांच्या घरात आमटी का पिठलं हेसुद्धा ग्रामसभेत ठेवा म्हणतात. तेव्हा बसकीचा मूळ रंग हा विषय ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या खाली, ऐनवेळचा विषय म्हणून घेतला.

काय सांगू दादा, पाण्याच्या विषयाला अकरा माणसं होती, बसकीच्या विषयाला बाहेर चपला ठेवायला जागा उरली नाही. मामांनी (मामांचं नाव काकासाहेब, त्यामुळं ठराव लिहिताना मामा का काका असा ग्रामसेवकाचा वेगळाच गोंधळ) ती गाडी नगरच्या कॅम्पातल्या रिटायर साहेबाकडून आणली तो दिवस ज्यांना आठवतो ते म्हातारे म्हणाले, हिरवी. तिच्यातून ज्यांची वरात निघाली ते सगळे म्हणाले, लाल, आणि लग्नाचे अल्बम घेऊनच आले. आमच्या वयाचे म्हणाले, निळी, कारण आम्ही शाळेत असताना विहिरीच्या मोटारीच्या पेटीला आणलेला रंग उरला आणि मामांनी तो बसकीला फासला. भांडण इतकं पेटलं, की पंचवीस वर्षं एका पंक्तीत जेवणारे दोघं साडू लाल-हिरव्यावरून उठून वेगवेगळ्या कोपऱ्यात जाऊन बसले. मग गुरुजींनी तोडगा काढला: पॉलिश पेपरनं घासून बघा, सगळ्यात खालचा तो मूळ. आम्ही सगळ्यांसमोर घासलं. निळ्याखाली लाल, लालखाली हिरवा, हिरव्याखाली दुधी, दुध्याखाली तपकिरी आणि त्याच्याखाली पत्रा. ग्रामसभेनं एकमतानं ठराव केला, की बसकीचा मूळ रंग पत्रा हा आहे. त्याप्रमाणे मी पूर्ण गाडी पत्र्यापर्यंत घासली. उन्हात उभी केली की तिच्याकडं बघवत नाही. (लोकांनी बघत राहायला पाहिजे असं तू म्हणाला होतास, तेवढं मात्र जमलं नाही.)

नव्या जमान्याच्या लूकचं म्हणशील तर मी हात राखला नाही. तुला माहीतच आहे, मी आयुष्यभर ट्रॉल्या बांधल्या. त्यामुळं मागची बाजू जरा ट्रॉलीकडं झुकली आहे, पण रिफ्लेक्टर लावल्यावर उठून दिसते. पुढचे दिवे ट्रॅक्टरचे. पाय ठेवायच्या जागेचा पत्रा कुजून गेला होता, तिथं देवळाची उरलेली फरशी बसवली. उन्हाळ्यात पायाला इतकं गार लागतं, की मामीनं त्या दिवशी दुसरा कप चहा मागवला. देवळाला कळस दोन आले होते, त्यातला एक थोडा वाकडा म्हणून पडून होता, तो बॉनेटवर मधोमध बसवला. स्टिअरिंग नाहीच, नुसता दांडा आहे, त्याला पाइप पाना लावून वळवतो. सवय झाली आहे.

पण अस्सलपणाला धक्का नाही, दादा. काढलेली एकूण एक वस्तू मी फेकली नाही. कुजका पत्रा, जुने दिवे, कापडी टपाच्या चिंध्या, अगदी घासून निघालेला पाचही रंगांचा भुगा, सगळं सोळा पोत्यांत भरून, तोंडं शिवून, नंबर टाकून ठेवलं आहे. आणि काल रात्रभर मी त्या पोत्यांकडं बघत बसलो आणि माझा पार भुगा झाला. कारण मूळ गाडी म्हणशील तर ती पोत्यांत आहे. आणि गाडी म्हणशील तर ती शेडमध्ये उभी आहे, पण तिच्यात मूळ काय आहे ते मला सापडत नाही. तेव्हा पंधरा तारखेला टेम्पोत पोती घालू का गाडी घालू, तेवढं कळव. गाडी गेल्यावर मामी चार वाजता कुठं जाऊन बसणार हाही प्रश्न आहे, पण तो मी समितीपुढं ठेवला नाही. ठेवायची छाती झाली नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, परीक्षकांना काय सांगायचं ते सांग.

तुझा गोंधळलेला,
गहिनीनाथ

ता. क. रागावणार नसशील तर एक सांगायचं राहिलं. ज्यांनी सामान दिलं त्यांची नावं समितीच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही दारांवर ऑइलपेंटनं लिहिली आहेत. तुझं नाव पहिलं आहे. तू काय दिलं हे न आठवल्यामुळं नुसतं 'सहकार्य' लिहिलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात चार वाजले आणि मामी आली. म्हटलं एकदा वाचून दाखवावं. तिनं सगळं ऐकलं, कळसाला हसलीसुद्धा. (मामा गेल्यावर पहिल्यांदा हसली, हे तुला कळायला पाहिजे म्हणून लिहितो.) मग मी तिला विचारलं, मामी, तूच सांग, ह्याच्यात मूर्ती कोणती? ती स्टिअरिंगच्या नुसत्या दांड्याकडं बघत म्हणाली, "अरं गहिनी, सोळा दिस काय हुडकतूयास? मूर्ती हितं हायेच कुठं? ती आदिनाथनं न्हेली न्हवं का."

दादा, आठव. मामांच्या चौदाव्याच्या दिवशी तू म्हणालास, बाबांची आठवण म्हणून स्टिअरिंगचं लाकडी चाक नेतो. ते मीच माझ्या पान्यानं काढून तुला पेपरात गुंडाळून दिलं, आणि तूच त्याच्या मधोमध घड्याळ बसवून घेतलंस. पत्राच्या सुरुवातीला मी त्याचीच खुशाली विचारली आहे, बघ माझी अक्कल. गेल्या वर्षी मामी तुझ्याकडं आठ दिवस राहायला आली होती ना? तू म्हणालास आईला इकडं करमलं नाही, सारखी भिंतीकडं बघत बसायची. तू म्हणालास, तिला घड्याळ बघायची सवय लागली. तिला काट्याचं घड्याळ कधी वाचता आलेलं नाही, दादा. मामांचे हात ते चाक जिथं धरायचे, ती जागा ती बघत होती.

तेव्हा टेम्पो पाठवू नको. चाक घेऊन तू ये. कुरिअर करू नको, पार्सलनं मूर्ती येत नाही. मी पाना तयार ठेवतो, पाच मिनिटांत बसवतो. तू उजवीकडं बस, मामीला डावीकडं बसव आणि पाटोदा फाट्यापर्यंत एक चक्कर मारून आण. त्यानंतर गाडी पुण्याला न्यायची तर ने, फरशीसकट ने, मी एक शब्द बोलणार नाही.

ता. क. तिसरा. हा दुसरा ता. क. मी मामीला वाचून दाखवला. ती म्हणते, "त्येला लिव्ह, चाक ऱ्हाऊ दे भिताडाला, रेश्माचं घड्याळ खराब व्हईल. तू नुसता आलास तरी बास." असं म्हणून रिकामी कपबशी फरशीवर ठेवून ती अजून तिथंच बसली आहे, साडेपाच वाजून गेले.

पण दादा, तू तिचं ऐकू नको. चाक आण.