माझा लिम्फोमा आणि साडूचा

९ जानेवारी
रिपोर्ट आला. लिम्फोमा. लसीकाग्रंथींचा कॅन्सर. मानेतली गाठ म्हणजे अक्कलदाढेची सूज आहे असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो. ते आता कोणी उकरून काढू नये.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा सावकाश वाढणारा प्रकार आहे, गाठी लहान आहेत, त्रास काही नाही, तेव्हा आत्ता औषध द्यायचं नाही. दर तीन महिन्यांनी बघू. मी विचारलं, मग उपचार काय? त्या म्हणाल्या, हाच. तुमच्या बाबतीत पहिला उपचार म्हणजे नुसतं लक्ष ठेवणं.
बायको घरी येऊन खूप रडली. मी धीराने घेतलं. शेवटपर्यंत असंच घ्यायचं, असा संकल्प.

१२ जानेवारी, स्टाफरूम
बातमी फुटली. मीच फोडली. संस्कृतच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. पीटीचे सर आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. हेडबाईंनी नववीचा शेवटचा भूगोलाचा तास काढून घेतला, म्हणाल्या, तुम्ही आराम करा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, तुमच्यासारखा गुणी जावई... आणि पुढे त्यांना बोलवेना. 'गुणी' हा शब्द आजवर थोरल्या जावयासाठी राखीव होता.

३ मार्च
कमाल झाली. साडूलाही लिम्फोमा.
साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आर्किटेक्ट. आमच्यानंतर घर घेतलं, आमच्यापेक्षा मोठं. आमच्यानंतर गाडी घेतली, तीही मोठी. आता हे. आणि त्याचा वेगाने वाढणारा प्रकार. डॉक्टरीणबाई त्याच, माझ्याच ओळखीने गेला. त्याला मात्र ताबडतोब केमो, सहा सायकल, म्हणजे सहा फेऱ्या.
मला फार वाईट वाटलं. वाईट सोडून दुसरं काहीही वाटलं नाही, याची इथे नोंद असावी.

८ मार्च
सासूबाई साडूकडे राहायला गेल्या. जाताना बायकोला म्हणाल्या, ह्यांच्यावर नुसतं लक्षच ठेवायचं आहे ना, ते तू ठेव.

१७ मार्च
साडूची पहिली केमो. मन मोठं करून सोबत गेलो. काय थाट. बटण दाबलं की मागे जाणारी आरामखुर्ची. एका पिशवीतून सलाइन, मग औषधं एकामागून एक, त्यातलं एक चक्क लालभडक. आधी हृदयाची सोनोग्राफीसुद्धा झाली म्हणे. माझ्या हृदयाची अजून कोणी चौकशी केलेली नाही.
शेजारची खुर्ची रिकामी होती म्हणून टेकलो, तर सिस्टरने उठवलं. म्हणाली, ही पेशंटसाठी आहे. मी म्हटलं, मीही पेशंटच आहे. कितवी सायकल, म्हणाली. सुरू व्हायची आहे म्हटल्यावर तिने कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवलं. साडूने स्वतःची उशी काढून मला पाठीशी घ्यायला दिली. भाव खायची एकही संधी हा माणूस सोडत नाही.

६ एप्रिल
साडूचे केस गेले. टक्कल शोभतं. डोक्याचा आकार इतका चांगला आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. बायको म्हणाली, भाऊजी उलट रुबाबदार दिसायला लागलेत. मी आरशासमोर उभा राहून केस ओढून बघितले. आहेत तेवढे पक्के आहेत.

९ एप्रिल, माझी तपासणी
तयारीनिशी गेलो. इंटरनेटवरून आमच्या प्रकारात सुरुवातीला काय काय देतात ते सगळं उतरवून काढलं होतं. नुसतं अँटिबॉडीचं इंजेक्शन. तेच केमोबरोबर. तेच गोळ्यांबरोबर. एकाच जागी असेल तर रेडिएशन. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, यातलं कुठलंही चालेल, माझा काही हट्ट नाही.
त्या म्हणाल्या, त्रास नसताना लवकर सुरू केलं म्हणून पेशंट जास्त जगतो असं दिसत नाही. औषधाचे त्रास मात्र लवकर सुरू होतात. मी म्हटलं, साडूला बरं लगेच दिलंत. त्या म्हणाल्या, त्यांच्या बाबतीत थांबले असते तर ते राहिलेच नसते. मग एकेक विचारलं. रात्री घामाने कपडे भिजतात का? नाही. ताप? नाही. वजन घटलं? नाही. तोंडी परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं.
संकल्प: पुढच्या वेळेपर्यंत वजन घटवायचं.

२ मे
वजन वाढलं. दोष माझा नाही. लोक साडूकडे फळं, केक, बिस्किटांचे पुडे घेऊन जातात. त्याला तोंड आलंय, गिळवत नाही, म्हणून मेव्हणी ते सगळं आमच्याकडे पाठवते. त्याच्या वाट्याची सहानुभूती मी चावून खातो आहे.

१४ मे, पहाटे
घाम आला! उशी ओली. बायकोला उठवून दाखवलं. तिने माझ्या अंगावरची दुसरी रजई काढली, पंखा लावला आणि कूस बदलून झोपली.

२० जून, स्टाफरूम
हेडबाईंनी नववीचा तास परत दिला. वर पीटीच्या सरांच्या रजेचे तासही मलाच. म्हणाल्या, तुमचं तसं औषध काही चालू नाही ना. संस्कृतच्या बाईंनी आस्थेने विचारलं. साडूबद्दल. त्या त्याला ओळखतसुद्धा नाहीत. तळपायाची आग मस्तकात गेली. मी शांतपणे म्हटलं, ठीक आहे त्याचं.

३० जून
साडूची सहावी, शेवटची सायकल. भिंतीला धरून चालतो. नखं काळी पडली आहेत. हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये गेला आणि आतून नळ सोडला. तरी उलटीचा आवाज बाहेर येत होता. मी दाराशी उभा होतो. ऐकलं नाही असं ठरवलं.
बाहेर आल्यावर म्हणाला, साडूभाऊ, तुमचा हेवा वाटतो हो, तुम्हाला चव तरी लागते. म्हणजे हेव्यातही आता हाच पुढे.

८ ऑगस्ट
साडूचा स्कॅन स्वच्छ. कुठे काही शिल्लक नाही. मेव्हणी रडली, बायको रडली, सासूबाईंनी त्याच्या टकलावरून हात फिरवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या प्रकारात पुष्कळ जण कायमचे बरे होतात. मी विचारलं, आणि माझ्या प्रकारात? म्हणाल्या, तुमचा सहसा मुळापासून जात नाही, पण वर्षानुवर्षं ताब्यात ठेवता येतो.
म्हणजे बघा. माझ्या मागून आला, धावत सुटला आणि घरी पोचलासुद्धा. मी आहे तिथेच.
जळतो आहे मी त्याच्यावर. लिहून टाकलं एकदाचं. उद्या खोडून टाकेन.

९ ऑगस्ट
खोडलं नाही. खोडायला पेन सापडलं नाही.

१४ नोव्हेंबर
तपासणी. पोटातल्या गाठी वाढल्या आहेत. एक मूत्रपिंडाच्या नळीवर दाबते आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबायचं नाही, सोमवारी पहिली सायकल.
हेच तर मला हवं होतं. मी म्हटलं, सहामाहीचे पेपर तपासायचे राहिलेत. त्या म्हणाल्या, दुसरं कोणी तपासेल. मी म्हटलं, अजून तीन महिने नुसतं लक्ष ठेवून बघू या का. त्यांनी मान हलवली. केस जातील का, विचारलं. म्हणाल्या, ह्या औषधांनी सहसा जात नाहीत.
घरी आलो तर सासूबाई बॅग घेऊन राहायला आलेल्या. तुम्हाला काय हवं नको ते मी बघते, म्हणाल्या. त्यांना परत जा म्हणावंसं वाटलं.
संध्याकाळी साडूला फोन लावला. ऑगस्टपासून टाळत होतो. सहज विचारलं, सुई फार दुखते का हो? तो म्हणाला, छे. मी म्हटलं, खरं सांगा. मग तो म्हणाला, दुखत नाही तितकं, पण भीती वाटते. मी म्हटलं, मला नाही वाटत. तो म्हणाला, बरं. मी फोन कानाला धरून बसून राहिलो. त्यानेही ठेवला नाही.