विहिरीवरचा दोर

आई,

काल मी बॅग काट्यावर ठेवली तेव्हा सहा किलो होती. आज सकाळी उचलली तं अकरा! हे सगळं दोन दिवस मेळघाटात पाठीवर घेऊन चालाचं हाय, एसटीच्या टपावर नाही टाकाचं. किती वेळा सांगू तुले?

लोणच्याची बरणी, तांब्या, गोधडी, सगळं पलंगावर काढून ठेवलं. रात्री झोपाले झाडाले बांधाचा झोका पाचशे ग्रॅमचा हाय, संग हलकी स्लीपिंग बॅग हाय. मले थंडी नाही वाजत. माह्या बॅगेले हात लावत नको जाऊ.

अन् विहिरीवरचा जाडा दोर काहून टाकला? झोक्याले त्याचे पट्टे हायेत. तोही काढून फेकणारच होती. मंग ध्यानात आलं. मागच्या साली माहा हात मोडला, तेव्हा मी तुले परतवाड्याजवळ गाडी घसरली म्हणून सांगितलं होतं. झोक्याचा पट्टा सुटून पडली, हे तुले कोणी सांगितलं? वर्षभर त्यावर एका शब्दानं बोलली नाही तू. त्याचाच राग येऊन राहिला मले.

दोर दोन किलो भरला. नेऊन राहिली.

पुढं रेंज नसते, म्हणून परतवाड्याहून फोन लावीन. विहिरीवर तू मारते ती गाठ कशी असते, ते सांगजो.

दीपमाला