कावळा आणि जाळी

॥ श्री ॥
वाराणसी, २ सप्टेंबर २०२५

ती. सौ. इंदूआत्यास,
ढुंढिराजचा सा. न. वि. वि.

परवा संध्याकाळी तू पाठवलेली गोल पिशवी मी छतावर उघडली, आतली जाळी स्प्रिंगसारखी उसळली आणि संध्येला बसलेले बाबा पळी-पंचपात्रासकट तिच्या पोटात गेले. त्या क्षणी माझं आयुष्य बदललं.

नीट सांगतो. पिशवीवर चित्र होतं की बागेत चार माणसं जाळीच्या खोलीत बसून चहा पिताहेत, बाहेर मच्छर हात चोळत बसलेत. मला वाटलं आधी दांडे जोडायचे असतील. चेन उघडली मात्र, ते प्रकरण माझ्या हातातून सुटून हवेतच उभं राहिलं! वर चंदेरी कापड, चारी बाजूंना जाळी, खाली तळ नाहीच. बरोब्बर बाबांवर बसलं. बाबा सोवळ्यात. अंगाला नायलॉन लागलं. पुढे ते जे बोलले ते संध्येच्या कुठल्याही मंत्रात नाही.

आणि शेजारच्या छतावर कपडे काढत असलेली मधुरा हसली. आत्या, तू तिला पाहिलेलं नाहीस. विश्वेश्वरकाकांची मुलगी, काका बँकेत आहेत, बदली होऊन साताऱ्याहून आले. त्यांच्या नि आमच्या छतामध्ये गुडघाभर भिंत आहे. मी कॉलेज सोडल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. परवा हसली, भिंतीपाशी आली आणि विचारलं की आता ही घडी कशी करणार. मी म्हटलं सोपं आहे. मग अंधार पडेपर्यंत मी त्या जाळीशी कुस्ती केली. एकीकडून दाबली की दुसरीकडून उसळते, एकदा तर माझ्या नाकावर. मधुरा भिंतीवर बसून बघत होती. एवढा वेळ ती माझ्याकडे कधीच बघत बसली नव्हती.

आता वाईट बातमी. तिला बडोद्याचं स्थळ आलंय. पोरगा इंजिनीअर आहे, फोटोत गाडीला टेकून उभा. काकूंनी हे आईला सांगितलं, आईनं मला, आणि मला असा गुस्सा आला की घाटावर जाऊन मोबाइल गंगेत फेकला. म्हणून हे कागदावर. बाढ आहे, अमृतराव घाटाच्या पायऱ्या अर्ध्या पाण्यात गेल्यात, त्यामुळे शोधायला जायचा प्रश्नच नाही.

मधुराचं त्या घरात लग्न झालं तर मी काय करीन मला माहीत नाही. काहीतरी सुचव. तिकडे काकांना नमस्कार. तुझी माया अशीच पार्सलानं येत राहो.

तुझा
ढुंढिराज


नागपूर, ५ सप्टेंबर

चि. ढुंढिराज यास,
इंदूआत्याचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दादा जाळीत गेला तिथे त्यांना ठसका लागला, पाठ चोळावी लागली. लहानपणी माझ्या वेणीची नायलॉनची रिबीन दादाला लागली की तो पुन्हा आंघोळ करायचा नि मला चिमटा काढायचा. इतक्या वर्षांनी त्या चिमट्यांचं उट्टं निघालं. देव आहे.

पण बाळा, ती जाळी मी कशासाठी पाठवली होती? छतावर माकडं आणि डास बसू देत नाहीत म्हणून अभ्यास होत नाही, असं तूच फोनवर रडला होतास. फोन तेव्हा पाण्याबाहेर होता. तुझ्या आईनं कळवलंय की तुमचे विभागप्रमुख प्रल्हादसर अजून तुला परत घ्यायला तयार आहेत. नुसतं जाऊन माफी मागायची. प्रयोग दुसऱ्याचा उतरवलास असं ते म्हणाले, तू उतरवला नव्हतास, मान्य. म्हणून प्रयोगशाळेचं दार असं आपटायचं की काच तडकावी? दाराचा काय गुन्हा होता?

दुसरं. तू माझं सगळं डोकं खाल्लंस, पण मधुराला तू आवडतोस की नाही याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. तिला विचारलंस का? की बडोद्याच्या पोराला परस्पर गंगेत टाकणार आहेस?

जाळीची घडी कशी करतात ते मलाही येत नाही. आमची गेल्या उन्हाळ्यात उघडली ती अजून अंगणात उभी आहे, शेजारची मांजर तिच्यात व्याली.

दादाला नमस्कार, वहिनीला सांग लोणचं पोचलं. राग आवर, जेवत जा, आणि आम्हा दोघांना विसरू नकोस.

तुझी
इंदूआत्या


॥ श्री ॥
वाराणसी, ९ सप्टेंबर

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारलं. ती म्हणाली, आवडतोस, पण दारं आपटणाऱ्या माणसाबरोबर एका घरात राहायचं म्हणजे रोज कानात कापूस घालावा लागेल. याला होकार म्हणायचा की नकार? मी रात्रभर होकार धरला, सकाळी नकार वाटला, आता पुन्हा होकार वाटतोय.

घडी तिनं शिकवली. जोर लावायचा नाहीच म्हणे. तारेच्या दोन कड्या एकमेकींजवळ आणायच्या, आठचा आकडा करून मुरडायचं, मग ती आपल्या मनानं गोल होते. तिच्या हातात पापडासारखी होते. माझ्या हातात अजून उसळते.

तसंही जाळी आता माझी राहिलेली नाही. बाबांनी ताब्यात घेतली! दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आत मच्छर चावत नाही, बंदर नैवेद्य पळवत नाही, आणि मुख्य म्हणजे कुणी शिवू शकत नाही. मग शास्त्र निघालं की मधोमध पाट मांडून बसलं तर नायलॉन अंगाला लागत नाही, आणि जे लागत नाही ते सोवळ्याच्या आड येत नाही. आता सकाळ-संध्याकाळ बाबा आत. आई चहा घेऊन गेली तर जाळीबाहेरून ठेवायला सांगतात. तुझा भाऊ प्राणिसंग्रहालयात ठेवल्यासारखा दिसतो.

पण एक गोष्ट फक्त माझ्या आणि मधुराच्या लक्षात आली आहे. जाळी उभी असली की छतावर कावळा फिरकत नाही. वरचं चंदेरी कापड वाऱ्यानं फडफडतं ना, त्याला भितो. बाबा रोज कावळ्यांना भात ठेवतात तो तसाच वाळतो, आणि बाबा म्हणतात बाढीमुळे कावळे गंगेपलीकडे रामनगरला गेले. घडी केली की पाण्याच्या टाकीवरून लगेच खाली.

आता ऐक. पितृपक्षातल्या दशमीला विश्वेश्वरकाकांच्या वडिलांचं श्राद्ध. घाट पाण्याखाली, म्हणून ते आमच्या छतावर, बाबाच सांगणार, आणि बाबांनी मोठ्या तोऱ्यात जाळी देऊ केली आहे. म्हणजे कावळ्याचं पान कठड्यावर, आणि कावळा टाकीवर बसून राहणार. कावळा शिवला नाही की आपल्यात काय करतात तुला ठाऊकच आहे. सगळे हात जोडून मेलेल्या माणसाला विचारतात की तुमची काय इच्छा राहिली, अमुक करू का, तमुक करू का. काका सगळं कबूल करत जाणार. करता करता मधुराच्या लग्नाचं निघणारच, कारण आजोबांची ती लाडकी होती, तिनं खूप शिकावं असं म्हणायचे. ज्या क्षणी काका म्हणतील की बडोद्याला नकार कळवतो, त्या क्षणी वारा सुटलाय असं म्हणून मधुरा जाळी मिटणार. कावळा खाली. मामला खतम!

मधुरा आधी नको म्हणाली. मग म्हणाली बघू. तुला कसं वाटलं? माझं डोकं बघ, कॉलेजात उगाच वाया जात होतं.

काकांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस, सध्या त्याची फार गरज आहे.

तुझा
ढुंढिराज


नागपूर, १२ सप्टेंबर

चि. ढुंढिराज यास,
अ. उ. आशीर्वाद.

पहिल्यांदा मी हसले. मग तुझ्या काकांनी विचारलं की त्या विश्वेश्वररावांच्या जागी आपला दादा असता आणि पान आपल्या आबांचं असतं तर? मग नाही हसले.

त्या गृहस्थानं हात जोडलेले असणार आणि डोळ्यांत पाणी असणार. त्याच्या बापाच्या तोंडी तुम्ही दोन कार्टी आपले शब्द घालणार. बरं, असं कबूल करून घेतलेल्या बापाला त्या शब्दाला कुठवर धरून ठेवशील? नोकरी नाही, डिग्री नाही, मोबाइल नाही. उद्या बडोदा गेलं तर परवा सुरत येईल. प्रत्येकाला तू कावळा कुठून आणणार आहेस?

तू माझं ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, जन्मल्यापासून ऐकलेलं नाहीस. म्हणून मधुराला मी वेगळं पत्र घातलं आहे. त्यात काय आहे ते विचारू नकोस. तिलाही विचारू नकोस, ती सांगणार नाही, अक्षरावरून शहाणी दिसते. तिनंच मला आधी लिहिलं होतं, हे तुला ठाऊक नसेल. आता बस नाकपुड्या फुगवत.

श्राद्धाच्या दिवशी निदान वाढायला मदत कर. तुम्हा सगळ्यांच्या काळजीत असलेली,

इंदूआत्या


॥ श्री ॥
वाराणसी, १८ सप्टेंबर

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू तिला काय लिहिलंस? नाही, विचारत नाही. झालं ते सांगतो, मग तूच ठरव.

दशमीला सगळं यथासांग झालं. काका आणि बाबा जाळीत, काकू, आई, मधुरा आणि मी बाहेर. वडे, खीर, भाज्या. आत एक माशी नाही. बाबा मधूनमधून मंत्र थांबवून काकांना जाळीचे गुण सांगत होते. मग पिंड झाले, कठड्यावर पान ठेवलं, सगळे बाहेर येऊन उभे राहिले. जाळी आमच्या मागे रिकामी फडफडत होती. कावळा टाकीवर. मान वाकडी करून पानाकडे बघायचा, मग जाळीकडे, की पुन्हा मागे सरकायचा. अगदी ठरल्याप्रमाणे.

काका म्हणाले, गावच्या देवळाचं दार बसवून देतो. कावळा ढिम्म. म्हणाले, धाकट्या भावाशी बोलेन. ढिम्म. काकू म्हणाल्या, तुम्हाला अळूवडी आवडायची ती विसरले, उद्याच करून ठेवते. काकांचा आवाज बसत चालला होता. ते म्हणाले, बाबा, मी तुम्हाला शेवटच्या दिवसांत काशीला आणायचं म्हणत राहिलो आणि आणलं नाही, त्याचा राग आहे का. आत्या, तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. खरंच आठवलं. मला वाटलं आत्ताच जाऊन जाळी मिटावी, होऊ दे काय व्हायचं ते. पण गेलो नाही.

मग काका म्हणाले, मधुराचं का? बडोद्याला थांबायला सांगू? आधी शिकू दे तिला?

मी मधुराकडे पाहिलं. ती जाळीजवळच उभी होती. मिटायला हवी होती, दोन कड्या आणि एक मुरड. ती हलली नाही! मी डोळ्यांनी खुणावलं, खोकलो, शेवटी पायावर पाय दिला. आई माझ्याकडे रागानं बघायला लागली. मधुरा पुढे झाली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की आजोबा, माझं लग्न बाबांनी थांबवावं, पण ढुंढिराज कॉलेजात जाईल तितकेच दिवस. त्यानं परत दार आपटून कॉलेज सोडलं तर त्याच दिवशी बडोद्याला होकार जाऊ दे, माझी हरकत नाही.

बाबा माझ्याकडे, काका माझ्याकडे, काकू आधी मधुराकडे आणि मग माझ्याकडे. सगळं उघडं पडलं, आत्या, एका झटक्यात, त्या पिशवीतल्या जाळीसारखं. माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार एवढ्यात मधुरा जाळी मिटायला वळली.

तिचा हात कडीला लागलासुद्धा नव्हता. मी शपथेवर सांगतो. जाळी पुरी उभी होती, वरचं कापड फडफडत होतं. आणि कावळा टाकीवरून सरळ खाली आला, पानावर बसला आणि वडा घेऊन गेला.

मधुराचा हात तसाच हवेत राहिला. आमच्या दोघांशिवाय कुणाला काही कळलं नाही. बाकीच्यांच्या लेखी कावळा शिवला, एवढंच. काकांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, काय रे, ऐकलंस ना आमच्या बाबांनी काय सांगितलं. मी हो म्हटलं. काय म्हणणार? प्रल्हादसरांशी भांडता येतं, बाबांशी तर रोजच भांडतो, पण साताऱ्याच्या एका मेलेल्या आजोबांशी, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही, त्यांच्याशी भांडायचं कसं?

मधुरा नंतर भिंतीपाशी म्हणाली की वाऱ्याचा झोत थांबला असेल म्हणून आला. मी म्हटलं, थांबला नव्हता. ती म्हणाली, नव्हता. मग आम्ही दोघं हसलो, पण जरा हळू.

काल दिवसभर मी छतावर बसून घडी करत होतो. चौथ्यांदा जमली. जोर लावला नाही. बाबांना मात्र ती उघडीच हवी, म्हणून पुन्हा उसळवली. आत्ता ते आत जपाला बसलेत. जाता जाता मी जाळीच्या दाराची चेन बाहेरून लावून घेतली आहे, ती आतून लागते तशी बाहेरूनही लागते हे त्यांना अजून माहीत नाही. तुझ्या चिमट्यांचं राहिलेलं उट्टं समज.

मी निघालोय प्रल्हादसरांकडे. माफी मागायची आहे, शब्द पाठ केलेत, मधुरानं दोनदा म्हणवून घेतले. प्रयोग माझाच होता हेही सांगीन, पण माफीनंतर. काचेचंही बोलीन. ते ओरडले तर ओरडू देईन. परत घेतील की नाही ठाऊक नाही, भीती वाटते आहे, हे फक्त तुला लिहितोय.

काकांना नमस्कार सांग, मांजरीच्या पिल्लांना कुरवाळ. मला जमलं नाही तरी तुझा लोभ मिटवून पिशवीत घालू नकोस.

तुझा
ढुंढिराज

ता. क. हे गलीत उभा राहून, भिंतीला कागद टेकून लिहितोय. चपला घातल्या, बाहेर पडलो, दार लावून घेतलं. आतून आई वर बाबांना विचारते आहे की तो गेला का हो. म्हणजे तिला दाराचा आवाज आला नाही.