फोटोतली पदरवाली

मुक्काम तलावाची पाळ, ता. सावली
१४ फेब्रुवारी २००५

चि. नूतनले आजी इंदिराबाईचा आशीर्वाद. इथी सारे धडधाकट आहेत. माझा गुडघा दुखते, पण तू इचारलं नाई म्हणून मी सांगत नाई. होस्टेलचं जेवण गोड लागत असन तर मरळ खायले येऊ नको. (आपल्या तलावात मरळ राहिली तर!)

पत्राचं कारण तो फोटो. ठेकेदाराले तलाव द्याचा नाई म्हणून आम्ही मासोळ्या धरणाऱ्या ढिवराच्या बाया एकोणीस दिवस पाळीवर बसलो. नारे कोण देत होतं? मी. जाळे भरून आलेल्या त्याच्या जीपसमोर आडवी कोण पडली? मी. आन् तू नागपूरच्या इंटरनेटच्या दुकानातून जगभर धाडलं ते थोबाड कोणाचं? रुखमाचं! आता सात समुद्रापारचे लोक तिले ओळखून राह्यले. "रुखमाबाईचा तलाव वाचवा" म्हणून साहेबाच्या कचेरीत दोन हजार पत्रं आली म्हणे. रुखमाबाईचा तलाव! तिच्या बापानं खोदला होता काय?

फोटोत मी आहो. सगळ्याइच्या समोरच आहो, पदराचं गाठोडं होऊन. तू बटन दाबलं त्याच घडीले माझा भासरा लटारूभाऊ पाळीवर चढला. नवऱ्याचा मोठा भाऊ दिसला का नाकापर्यंत पदर वढाचा, पन्नास वर्षांची सवय, हात आपोआप गेला. (त्याले मोतीबिंदूनं दारातली म्हैस दिसत नाई, मी काय दिसन!) रुखमाचं बरं आहे. ती याच गावची लेक, घरजावई आणलेली, तिले कोणाचा पदर? बसली उजागर तोंडानं. आता तिच्या घरी तो छापलेला कागद भिंतीवर डकवला आहे, आन् त्याले रोज उदबत्ती. जित्या बाईले उदबत्ती! मी म्हटलं, बाई, हारही घालून टाक.

तू मले जळकुकडी म्हणशील. म्हण. मी घसा फाडला, तिनं तंबाखू मळली.

बाकी ठीक. अभ्यास कर.

ता.क. : पत्रं पाहून नागपूरच्या मोठ्या साहेबानं येत्या सोमवारी फोटोतल्या रुखमाबाईले बोलावलं. तलाव आपल्या ढिवराच्या सोसायटीचा का ठेकेदाराचा, तिथीच ठरन. आत एकीलेच सोडतेत. काल रुखमा माझ्या चुलीपाशी येऊन रडली, मले साहेबासमोर बोलता येत नाई म्हणे. मले लय बरं वाटलं. मंग मी तिले चहा पाजला.

आणखी एक ता.क. : सोमवारी आम्ही दोघी येतो. ती बाहेर बसून तंबाखू मळन. तू आजच तुझ्या इंटरनेटवर लिहून टाक, का नावाची गडबड झाली होती, फोटोत समोर पदर घेऊन बसली तीच रुखमाबाई. आन् ती उघड्या तोंडाची कोण म्हणून कोणी इचारलं, तर सांग, तमाशा पाहाले आलेली शेजारीण.