पुलाचा उतार आणि आशिया खंड

२ ऑगस्ट १९८२, सोमवार

गिरणी संपाला सहा महिने होऊन गेले. आज निर्णय घेतला. आशियाई रोड सायकलिंग चॅम्पियनशिप. पेपरात आलंय, पाच सप्टेंबरला हायवेवर निवड चाचणी आहे. निवड झाली की बँकेत स्पोर्ट्स कोटा. टेबल, खुर्ची, वर पंखा. गिरणीत इतकी वर्षं मागापुढे उभा राहिलो, पाय तयारच आहेत. सायकल जुनी पण दणकट.

बायको, तुळसा, खूश झाली नाही. तिचा भाऊ रामचंद्र रे रोडला बर्फाच्या कारखान्यात आहे. नारळी पौर्णिमा झाली की होड्या सुटतील, बर्फाला माणसं लागतील, तू जा, असं तिचं म्हणणं. खेळाडूने वजन उचलू नये हे तिला समजावलं. शेवटी तडजोड. चाचणीपर्यंत ती एकटी मासळी विकून घर चालवणार. नाही जमलं तर मी मुकाट बर्फ उचलायचा. जमणारच आहे.

३ ऑगस्ट, पहाटे

सराव सुरू. काळाचौकीहून थेट रे रोडचा पूल. चढ झकास चढलो. उताराला लाकडांनी भरलेला ट्रक समोरून आला. सायकलवरून उतरलो आणि चालत खाली आलो. घाबरलो वगैरे नाही. ब्रेकचं रबर बघायचं होतं.

५ ऑगस्ट

पूल. पुन्हा चालत. रबर ठीक आहे.

छाती फार धडधडते. म्हणजे हार्ट चांगलं काम करतंय.

९ ऑगस्ट

शेजारचे अप्पा बिऱ्हाड घेऊन गावी गेले. कुलूप लावताना म्हणाले, जगन, गिरणी आता उघडत नाय रे. काही माणसांत धीरच नसतो. जेवण गेलं नाही. खेळाडूने हलकंच खावं.

१३ ऑगस्ट

गणपती मंडळाचे अण्णा आले होते. यंदा वर्गणी नाही, म्हणून स्वस्तात सजीव देखावा करायचा. विषय: ‘गिरणी ते आशिया’. सजीव म्हणजे मी. सायकल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, पाठीमागे रंगवलेला घाट. घाटाचा पडदा अण्णा स्वतः हँडल मारून फिरवणार. नाही म्हणवलं नाही.

१८ ऑगस्ट

बोर्ड आला. ‘एशियन चॅम्पियन श्री. जगन’. अजून झालो नाही, असं अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, रंग वाळला.

 

२२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

मान गये! अख्खा घाट उतरलो. शेवटच्या वळणावर दोन्ही हात सोडले. बायका तोंडावर पदर धरून बघत होत्या. हा जगन इतके दिवस कुठे होता?

२६ ऑगस्ट

रस्त्यावरचा सराव बंद केला. रस्त्यावर ट्रक, खड्डे, कुत्री. मांडवात शास्त्रशुद्ध होतो. आज तीनदा घाट. एकदा अण्णांनी पडदा उलटा फिरवला, तोही उतरलो.

तुळसा बाजारातून येताना टोपली घेऊनच थांबली. बराच वेळ बघत होती. घरी म्हणाली, पडदो धावता, तू खंय धावतंस? दमलेली असते बिचारी. स्पोर्ट्स हा तिचा विषय नाही.

१ सप्टेंबर, विसर्जन

सायकल स्टँडवरून खाली घेतली.  चाळीपासून नाक्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

भीती वाटते. पुलाची वाटते, ट्रकची वाटते. त्याहून जास्त अप्पा बोलले त्याची वाटते. हे खोडून टाकायचं आहे.

५ सप्टेंबर, रविवार

मंडळाने हार घालून पाठवलं. हायवेवर पोरं चकचकीत सायकली घेऊन आलेली. शिट्टी झाली. मी मागे राहिलो, ही स्ट्रॅटेजी. चढावर एकाला गाठला, तो पंक्चर काढत होता. मग फ्लायओव्हरचा उतार आला. खाली बघितलं. रस्ता पडद्यासारखा मागे जात नव्हता, अंगावर येत होता. उतरलो, आणि सायकल धरून चालू लागलो.

बिल्लेवाले एक साहेब जीपमधून आले. फार सभ्य. म्हणाले, चालायला नियमात बंदी नाही, पण रस्ता वाहतुकीला सोडायचाय, जरा फुटपाथवरून चालता का?

६ सप्टेंबर

चाळीत सांगितलं, टेक्निकल बिघाड. अण्णांनी विचारलं, रबर का? हो म्हटलं.

 तुळसाने रामचंद्रला निरोप धाडला.

८ सप्टेंबर

बर्फाचा पहिला दिवस. हात बधिर. एक मात्र रामचंद्रकडून मान्य करून घेतलं, तुळसाच्या मासळीचा बर्फ मी सायकलवरून नेणार. पुलावर चालत उतरलो. पोचेपर्यंत निम्मं पाणी. तिची पापलेटं नरम पडली, स्वस्तात द्यावी लागली. तिने पैसे दोनदा मोजले. बोलली असती तर बरं झालं असतं.

९ सप्टेंबर

उन्हाचा कहर. कॅरियरवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, ठिबकतेय. पुलाच्या माथ्यावर नेहमीसारखा उतरलो. कालची पापलेटं डोळ्यांपुढे आली. परत बसलो. ब्रेक लावला नाही. वाटेत आईला, गणपतीला आणि तुळसाला हाका मारल्या. ट्रकच्या बाजूने सुसाट खाली! जिवंत!

मागे वळून बघितलं. कॅरियर रिकामं. लादी माथ्यावरच पडली होती, तिचे तुकडे रस्ताभर. ट्रकवाले शिव्या देत होते. चालत वर गेलो, सगळे तुकडे गोणपाटात भरले आणि धावत बाजार गाठला.

तुळसाने गोणपाट उघडलं. म्हणाली, फोडून आणलास ते बरा केलास, माझा काम वाचला. कित्येक दिवसांनी हसली.

उतार उतरलो हे सांगायचं होतं. पण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं.